कोल्हापुरातून एका दिवसात गाडी जोडणीचा कारखाना बघून येता येईल का?

गंगावेस_भांडीवाला

राम राम मंडळी.

आम्ही शाळेपासूनचे दोस्त, सगळे आता पन्नाशीच्या आगेमागे. दर हिवाळ्यात एक दिवस धंदे बंद ठेवून कुठंतरी जायचं असा रिवाज आहे. गणपतीपुळे झालं, आंबोली झाली, मालवणला तर इतक्यांदा गेलोय की खानावळवाला आम्हाला बघून आधी बांगडा किती शिल्लक आहे ते बघतो. या खेपेला मास्तरांनी (हायस्कुलात विज्ञान शिकवतात) टूम काढली, की मोटार जिथं जोडून तयार होते तो कारखाना बघायचा. आधी सगळे हसले. मग एकेकाची हौस बाहेर आली. एकाचं राजारामपुरीत गॅरेज आहे, एक एसटीतनं ड्रायव्हर म्हणून रिटायर झालाय, एक पैलवान (पूर्वीचा, आता म्हशी आहेत) आणि मी भांड्यांचा दुकानदार.

विचारायचं असं, की चाकणला सकाळी जाऊन रात्री परत येणं जमतं का? आत सोडतात का, आणि कुणाला विचारायचं? आमच्यासारख्यांना आत गेल्यावर काही कळेल, का नुसतं माना हलवत फिरायचं? गॅरेजवाल्याच्या वडिलांनाही यायचंय, वय ७४, पेसमेकर बसवलाय, पण चालायला आमच्यापेक्षा टणक आहेत.

घरातनं प्रश्न आलाय तो वेगळाच: यूट्यूबवर सगळं दिसतंय, त्यासाठी पाचशे किलोमीटर कशाला? त्यालाही उत्तर असलं तर द्या.

कळंबा_रिटर्न

वंदे भारतनं जावा की. आरामात.

शिरोली_ड्रम

वंदे भारत कोल्हापुरातनं सकाळी सुटते आणि दुपारी पुण्यात पोचते, तीही आठवड्यातनं तीनच दिवस. तिथनं चाकण गाठेपर्यंत पहिली शिफ्ट घरी गेलेली असणार. गाडी करूनच जायला लागतं.

माझं शिरोली एमआयडीसीत लहान मशिन शॉप आहे. फाउंड्रीतनं ब्रेक ड्रमचं कास्टिंग (ओतीव भाग) येतं, आम्ही सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवर) टर्निंग-ड्रिलिंग करून, बॅलन्स बघून पुढं पाठवतो. गेल्या थंडीत आमचा कट्टा चाकणच्या एका कार प्लांटला जाऊन आला. एक फाउंड्रीवाला, एक पॅटर्नवाला (ओतकामाच्या साच्यासाठी नमुने करणारा), एक वजनकाटा चालवणारा, एक सीए आणि मी. कुठला प्लांट ते लिहीत नाही, ज्याच्या ओळखीनं गेलो त्याला तिथं अजून नोकरी करायची आहे.

वहिनींना सांगा, यूट्यूबवर कॅमेरा रोबोटच्या मागंच फिरतो. ठिणग्या उडतात, केशरी हात फिरतात, वर संगीत. गाडी जोडणारा माणूस त्यात दोन सेकंद दिसतो आणि त्याच्या मागची ट्रॉली तर दिसतच नाही. बघण्यासारखं सगळं त्या ट्रॉलीत असतं, त्यावर खाली येतो.

परवानगीचं असं आहे, की गेटवर जाऊन "बघायचंय" म्हटलं तर सिक्युरिटीवाला पाणीसुद्धा विचारत नाही. या भेटी 'इंडस्ट्रियल व्हिजिट' म्हणून होतात आणि मागणी कुठल्या तरी संस्थेकडनं जायला लागते. कारखानदार असाल तर आपल्याकडं शिरोलीच्या कारखानदारांची स्मॅक आहे, गोकुळ शिरगावची गोशिमा आहे, कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन आहे, फाउंड्रीवाल्यांचा इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनचा चॅप्टर आहे. यांच्यापैकी कुणाचा गट जाणार असेल तर त्यात घुसा. तुमच्याकडं मास्तर आहेत, ही मोठी जमेची बाजू. शाळेच्या लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सहीनं, पंधरा मुलं आणि सोबत तुम्ही 'पालक' अशी मागणी गेली तर ती वाचली तरी जाते. मुलांच्या वयाची अट आधी विचारून घ्या, लहान मुलांना शॉप फ्लोअरवर घेत नाहीत. नावं, आधार, गाडीचा नंबर हे सगळं आधी पाठवायला लागतं आणि आयत्या वेळी आलेला मेव्हणा गेटबाहेर बसतो. आमच्या सीएचा बसला होता.

आम्ही रात्री तीनला तावडे हॉटेलपासनं निघालो. किणी, पेठ नाका, कराड, सातारा. सहापदरीकरणाच्या कामामुळं जागोजागी गाडी सर्व्हिस रोडवर उतरवतात, त्यात धुकं, त्यामुळं सातारपर्यंत कुणी झोपलं नाही असं म्हणायचं, खरं म्हणजे ड्रायव्हर सोडून सगळे झोपले होते. खंबाटकीच्या अलीकडं चहा. पुण्याच्या पोटात न शिरता बायपासनं देहूरोड आणि तिथनं तळेगाव-चाकण रस्ता धरला. चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनर असे अडकतात की किलोमीटरभर जायला अर्धा तास हाताशी ठेवायचा. गेटवर दहाची वेळ होती, साडेनऊला पोचलो.

गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर, काही ठिकाणी मोबाइलच लॉकरमध्ये. गॉगल, पिवळं जॅकेट, पुढून बंद बूट. आमचा वजनकाटेवाला अस्सल कापशी चप्पल घालून आला होता, कर्रकर्र वाजणारी. सिक्युरिटीवाल्यानं ती हातात घेऊन निरखून बघितली, कुठनं घेतली, कितीला पडली सगळं विचारलं, आणि काढून ठेवायला लावली.

आत गेल्यावर क्रम साधारण सगळीकडं सारखाच. प्रेस शॉप, बॉडी शॉप, पेंट शॉप, मग असेंब्ली. प्रेस शॉपात पत्र्याच्या रिळातनं तुकडे कापून साच्यात दाबतात. पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास, आणि एकाच घावात दरवाजा होत नाही. चार-पाच प्रेस ओळीनं उभे असतात, पहिला ओढतो, दुसरा कापतो, तिसरा कडा वळवतो. पॅटर्नवाला तिथनं हलेना. त्याचं आयुष्य लाकडाचे आणि ॲल्युमिनियमचे पॅटर्न करण्यात गेलं, वाळूत आकुंचन किती धरायचं हे त्याला झोपेत विचारा. इथं पत्रा दाबल्यावर परत थोडा उसळतो, तेवढं धरून साचा आधीच जास्त वळवून ठेवायचा असतो. हे कळल्यावर गडी खुश. म्हणाला, आमचं आकसतं, ह्यांचं उसळतं, हिशोब एकच.

बॉडी शॉपात रोबोट. पाच मिनिटं सगळे आ वासून बघतात, सहाव्या मिनिटाला सगळे रोबोट सारखेच दिसायला लागतात. मी तिथं एकच गोष्ट बघायला सांगीन: तांब्याची टोकं. स्पॉट वेल्डिंगला दोन पत्रे दोन तांब्याच्या टोकांत चिमटून आठ-दहा हजार अँपिअरचा करंट सेकंदाच्या काही भागापुरता सोडतात, पत्रा आतल्या आत वितळून चिकटतो. एका बॉडीला असे हजारो ठिपके. त्या टोकांचं तोंड बोथट होतं, म्हणून रोबोट मधेच आपणहून बाजूला जातो, पेन्सिलीसारखं टोक करून घेतो आणि परत कामाला लागतो. आमच्या सीएला सगळ्यात जास्त तेच आवडलं.

आता असेंब्ली. इथं वेळ घालवा.

पेंट होऊन आलेल्या गाडीचे दरवाजे पहिल्यांदा काढून घेतात. नुकतेच बसवून, रंगवून आणलेले दरवाजे काढतात, हे बघून पहिल्यांदा वेड्यासारखं वाटतं. पण दरवाजे असले की डॅशबोर्ड आत जात नाही, माणसाला वाकून शिरायला लागतं, रंगाला ओरखडा जातो. म्हणून ते दुसऱ्या लाइनीवर जातात. तिथं त्यांना काच, लॉक, स्पीकर, वायरिंग बसतं आणि शेवटी फिरून ज्या गाडीचे त्याच गाडीला येऊन लागतात. लाल गाडीला लालच, आणि तोच. चुकत नाही.

मग डॅशबोर्ड. सगळा एकसंध, स्टिअरिंग कॉलमसकट, एका तोलून धरणाऱ्या हातावर दाराच्या भोकातनं तिरका करून आत सारतात. पुढची-मागची काच चिकटवायला डिंकाची पट्टी रोबोट ओढतो, कारण माणसाच्या हातानं तिची जाडी सारखी राहत नाही आणि पुढं पाणी गळतं. ब्रेक ऑइल भरताना आधी नळ्यांतली हवा ओढून निर्वात करतात, मग ऑइल आपसूक आत जातं. तुमच्या गॅरेजवाल्याला हे दाखवा, जन्मभर पेडल मारून एअर काढत बसलाय बिचारा.

आणि मग ते स्टेशन (लाइनीवरचा कामाचा टप्पा), ज्यासाठी मी गेलो होतो. वरनं बॉडी लटकत येते, खालनं इंजिन, गिअरबॉक्स, पुढचं सस्पेन्शन आणि मागचा ॲक्सल लिफ्टवर वर चढतात, आणि बोल्ट लागतात. तिथले लोक याला मॅरेज म्हणतात. सीएनं लगेच विचारलं, मुहूर्त कुणी काढला? गाइड हसला नाही, रोज ऐकत असणार.

मुहूर्त असतो बरं का, आणि तो घट्ट असतो. समजा शिफ्टमध्ये कामाची ४५० मिनिटं आहेत आणि ३०० गाड्या काढायच्या आहेत, तर दर ९० सेकंदांना एक गाडी पुढं सरकली पाहिजे. म्हणजे प्रत्येक स्टेशनवरच्या माणसाला त्याचं काम ९० सेकंदांत संपवायचं. हा आकडा डोक्यात ठेवून कारखाना बघितला की प्रत्येक गोष्ट तशी का आहे ते समजतं.

आमचा ड्रम त्या गेटातनं थेट आत कधीच जात नाही. आमच्याकडनं तो ब्रेकवाल्याकडं जातो, तिथनं ॲक्सलवाल्याकडं, आणि सगळं जोडून आलेला ॲक्सल ट्रॉलीवर आडवा पडून लाइनवर येतो. ड्रमवर मशिनिंग करणारा मी, पण गाडी कंपनीच्या खात्यात माझं नावसुद्धा नाही. त्या स्टेशनवर उभा राहून मी बघत होतो. ॲक्सल वर गेला, दोन्ही बाजूंना काळे ड्रम दिसले, माणसानं बारकोडवर स्कॅनर टेकवला, बोल्ट आवळले, पडद्यावर हिरवं आलं, गाडी पुढं. वीसेक सेकंद दिसला असेल ड्रम. पुढं त्यावर चाक येतं, आणि मग तो दिसतो तो थेट गॅरेजमध्ये.

पण त्या वीस सेकंदांत आमच्या गिऱ्हाइकाच्या निम्म्या कटकटीचा उलगडा झाला. आम्हाला एक कागद येतो, पॅकिंग स्टँडर्ड म्हणून. ड्रम पालथे का उताणे, एका थरात किती, मधे पुठ्ठा कसला, गंजू नये म्हणून तेल किती लावायचं, ते ठिबकता कामा नये, सगळं लिहिलेलं. आमच्या पोरांना ते पुणेरी नखरे वाटायचे. लाइनवर ट्रॉल्या बघितल्यावर कळतं. भाग असा ठेवलेला असतो की माणसाचा हात गेला की तो बसवायच्या बाजूनंच हातात येतो. उलटा ठेवला तर फिरवायला दोन सेकंद, शिफ्टला ३०० गाड्या, वर तेलकट हातमोजा. ॲक्सलवाल्याच्या लाइनवरही हेच चालत असणार, तिथं आमचा ड्रम उचलणाऱ्याला त्याचेही सेकंद मोजून दिलेत.

तसंच हीट नंबरचं. कास्टिंगवर उठावात आकडे असतात, कुठल्या दिवशीचं, कुठल्या वितळीचं. मशिनिंगमध्ये तो पुसला गेला तर माल परत. का, ते लाइनवर दिसलं. त्या स्कॅनरनं ॲक्सलचा नंबर गाडीच्या १७ अक्षरी चॅसिस नंबराशी बांधला. ॲक्सलवाल्याकडं कुठल्या ड्रमची खेप वापरली ते लिहिलेलं, आमच्याकडं ती खेप कुठल्या हीटमधली ते. उद्या एक ड्रम तडकला तर ह्या साखळीनं मागं मागं येत शिरोलीच्या भट्टीपर्यंत पोचता येतं, आणि परत बोलवायच्या गाड्या लाखात न जाता शेकड्यात राहतात. फाउंड्रीवाला माझ्या शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही, पण परत आल्यावर त्यानं उठावाचे आकडे मोठे करायला पॅटर्नवाल्याला त्याच आठवड्यात काम दिलं. (पॅटर्नवाल्याची ट्रिप वसूल.)

तुम्ही ड्रमवाले नाही, भांडीवाले आहात, तरी माझं सांगणं हेच. गाइड तुम्हाला दीड तासात सगळा कारखाना पळवत दाखवेल. त्याला आधीच विनंती करा, की असेंब्लीत एका स्टेशनवर दहा-पंधरा मिनिटं उभं राहू द्या. दहा गाड्या जातील. पहिल्या दोन गाड्यांत काही कळत नाही. तिसऱ्या-चौथ्याला दिसायला लागतं, की माणूस उजव्या हातानं बोल्ट लावताना डाव्यानं पुढचा भाग उचलतोय, जमिनीवर रेघा आहेत, अमुक रेघेच्या आत अमुक काम संपलं नाही तर तो मागं पडलाय हे त्यालाही कळतं आणि सुपरवायझरलाही. एखाद्या गाडीला सनरूफ असतं, एखादीला नसतं, तेव्हा त्याच्या समोरच्या कप्प्यावर दिवा लागतो आणि तेवढाच भाग तो उचलतो. सगळा प्लांट बघून जे कळलं नसतं ते त्या पंधरा मिनिटांत कळतं.

कँटीनमध्ये जेवण मिळालं तर सोडू नका. भाजी आपल्या जिभेला फिकी लागेल. तिखटाची पुडी नेली होती आम्ही.

गंगावेस_भांडीवाला

दादा, एवढं सविस्तर लिहिलंत, लई उपकार. सगळ्यांना ग्रुपवर वाचून दाखवलं. मास्तर शाळेच्या पत्राच्या तयारीला लागले. पैलवानाची शंका आहे: त्या माणसाला ९० सेकंदांत नाही जमलं तर? सगळा कारखाना थांबतो?

मागवाला_इचल

ह्याचं उत्तर इचलकरंजीकरानं द्यायचं, कारण ही युक्ती मुळात मागावरची आहे.

लाइनीच्या कडेनं दोरी किंवा बटण असतं. काम अडलं, बोल्ट तिरका गेला, की माणूस ती ओढतो. वरच्या फळ्यावर त्या स्टेशनचा नंबर पेटतो, ठरलेली धून वाजते आणि टीम लीडर धावत येतो. लाइन त्याच क्षणी थांबत नाही. गाडी पुढच्या रेघेपर्यंत जाते, तोवर निस्तरलं तर दोरी परत ओढून मोकळं, नाही निस्तरलं तर मात्र तेवढा टप्पा थांबतो. ही पद्धत टोयोटानं रुळवली.

टोयोटाचं घराणं मूळचं मागवाल्यांचं. साकिची टोयोडा यांनी १९२४ साली पूर्ण स्वयंचलित माग काढला. ताण्याचा एक धागा तुटला तरी माग आपणहून थांबायचा. त्याचं महत्त्व ज्यानं साधा माग चालवलाय त्यालाच कळेल. साध्या मागावर धागा तुटला आणि विणकराचं लक्ष नसलं तर कापड विणत राहतं, त्यात चीर पडत जाते आणि मीटरच्या मीटर माल 'फॉल्टी' म्हणून निम्म्या भावात. म्हणून एका माणसाला थोडेच माग देता येतात. माग स्वतः थांबायला लागला की एक माणूस डझनावारी माग सांभाळतो, कारण त्याला चांगल्या मागाकडं बघायचंच नसतं, थांबलेल्याकडं तेवढं जायचं. त्या मागाच्या पेटंटचे हक्क १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं घेतले, मुलानं, किइचिरो यांनी, मोटारीचं काम हाती घेतलं आणि १९३७ साली टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. बिघाड दिसला की थांबायचं, हा नियम मागावरनं मोटारीत गेला.

आमच्या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला. म्हणजे टोयोडांच्या त्या मागाच्या वीस वर्षं आधी. पुढं त्यांनी मोटारी काढल्या आणि आम्ही अजून धोतराचं कापड काढतोय. असो, चहा पितो.

तुमच्या पैलवानाला सांगा, गाइडला विचारायचा प्रश्न "लाइन थांबते का" हा नव्हे. "आज सकाळपासनं दोरी किती वेळा ओढली" असं विचारायचं. एकदाही नाही म्हणाला तर एक तर कारखाना फार चांगला आहे नाहीतर माणसं दोरीला घाबरतात.

शिरोली_ड्रम

वा मागवाले. हे आम्हाला तिथल्या गाइडनं नाही सांगितलं.

गडहिंग्लजचा_रंगारी

मी गडहिंग्लजचा, चाकण भागात एका प्लांटच्या पेंट शॉपला आहे. पेसमेकरचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय.

काकांना बॉडी शॉपला नेऊ नका. स्पॉट वेल्डिंगच्या जवळ चुंबकीय क्षेत्र जबरदस्त असतं, पेसमेकरवाल्यांनी तिथं जायचं नाही अशा पाट्या असतात. अर्जातच लिहा, गाइड त्यांना बाजूनं असेंब्लीला नेऊ शकतो. त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि पेसमेकरचं कार्ड सोबत ठेवा. लपवून आत जाण्याचा प्रकार नको.

पेंट शॉपात कुणालाच आत सोडत नाहीत, काचेतनं बघायला मिळतं. त्याचं कारण धूळ तर आहेच, पण त्याहून मोठा वैरी म्हणजे सिलिकॉन. डिओडरंट, केसांचं जेल, काही हँडक्रीम यांत ते असतं. त्याचा कण ओल्या रंगावर बसला की रंग तिथनं मागं सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखा खड्डा राहतो. आम्हाला ड्युटीला येताना सेंट मारायची बंदी आहे. लग्नाच्या हळदीवरनं थेट शिफ्टला आलेल्याला परत पाठवल्याचं बघितलंय.

काचेतनं काय बघायचं ते सांगतो. सगळी बॉडी टाकीत बुडते, ती बघा. आधी धुवून फॉस्फेट होतं, मग विजेच्या ओढीनं रंग चढतो. बॉडीला ऋण टोक जोडलेलं असतं, रंगाचे कण तिच्याकडं ओढले जातात आणि जिथं ब्रश कधी पोचणार नाही अशा पोकळ्यांतही थर बसतो. गंज रोखतो तो हाच थर, साधारण २० मायक्रॉनचा, म्हणजे ०.०२ मिलिमीटरचा. मग १८० डिग्रीच्या आसपासची भट्टी. त्यावर प्रायमर, रंग, वर पारदर्शक थर. सगळं मिळून ०.१ मिलिमीटरच्या घरात. गॅरेजवाल्या मित्राकडं जाडी मोजायचं मीटर असेल तर त्याला हे आकडे माहीतच असतील. जुन्या गाडीच्या दारावर मीटर ०.३ दाखवायला लागलं की मालकानं "एक ओरखडासुद्धा नाही" म्हटलेलं किती खरं ते कळतं.

आणखी एक गंमत. रंग मारायच्या आधी बॉडीवरची बारीक धूळ झाडायला मोठे फिरते रोलर असतात, त्यांना शहामृगाची पिसं लावलेली. काही ठिकाणी इमूची. एवढ्या रोबोटांच्या मधे पाखराची पिसं बघून पाहुणे हमखास थबकतात. कृत्रिम धाग्याचे ब्रशही आलेत, पण पिसांना धूळ धरून ठेवायची खोड जन्मजात.

निपाणीकर_बस

सगळे चाकण-चाकण करताय. तुमच्यात एसटीचा ड्रायव्हर आहे ना? मग उलटीकडं या. धारवाडला बसचा कारखाना आहे, टाटांनी ब्राझीलच्या मार्कोपोलोबरोबर २००६ साली केलेल्या भागीदारीतला. पुढं ती भागीदारी संपली, आता तो टाटांकडंच आहे. निपाणी, बेळगाव करत हायवेनं सरळ, पुण्यापेक्षा जवळ. पहाटे निघायची गरज नाही, वाटेत बेळगावात कुंदा.

माझा धंदा सीटच्या फ्रेमचा, त्यामुळं बसच्या लाइनी बघण्यात आल्यात. बस जोडताना बघायला कारपेक्षा सोपी जाते. कार ९० सेकंदांत पुढं जाते, बस एका स्टेशनवर खूप वेळ उभी असते. चौकोनी नळ्यांचा सांगाडा असतो: दोन बाजू, छत, पुढचं तोंड, मागचं तोंड वेगवेगळे वेल्डिंग करून मोठ्या जिगमध्ये (भाग जागेवर धरून ठेवणाऱ्या चौकटीत) एकत्र आणतात. पिंजरा उभा राहताना डोळ्यांसमोर दिसतो. मग पत्रे, फरशीला प्लाय, वायरी, सीटा. माणसं आत-बाहेर चढउतार करत असतात, हातकाम भरपूर. दुकानदारालाही कळेल.

आणि ड्रायव्हर मित्राला विचारा, त्यानं चालवलेली लाल परी कुठं बांधली. एसटी चॅसिस विकत घ्यायची आणि बॉडी स्वतःच्या वर्कशॉपात बांधायची, पुण्याला दापोडी, तिकडं चिकलठाणा आणि नागपूरला हिंगणा. दापोडीला त्याच्या ओळखीचं कुणी ना कुणी निघणारच.

शिरोली_ड्रम

धारवाडचं बरोबर आहे, ड्रायव्हरसाहेबांसाठी तर एक नंबर. फक्त एक. बस बघितली की गाडी कशी *बांधतात* ते कळेल. वेळेच्या टाचेखाली माणसं आणि माल कसे नाचतात ते कारच्याच लाइनीवर दिसतं. मला दुसरं बघायचं होतं. तुम्हाला काय बघायचंय ते ठरवा, मग गाव ठरवा.

आणि दोन्हीकडं परवानगी नाही मिळाली तर घराजवळ कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत किर्लोस्करांचा इंजिनचा कारखाना आहे, तिथं अर्ज करून बघा. गाडी नाही, पण इंजिन लाइनवर जोडतात ते तत्त्व तेच. आपल्या आसपासच्या फाउंड्र्यांचं कास्टिंग अशाच इंजिनांत जातं. नाहीतर शिरोलीला या, भट्टी ओततानाची वेळ धरून. लोखंड साधारण १४०० डिग्रीला साच्यात जातं, तिकीट नाही, चहा माझ्याकडं.

गंगावेस_भांडीवाला

काल रात्री बैठक झाली. मतदान झालं, धारवाड आणि चाकण समसमान, पैलवान दोन्हीकडं हात वर करत होता. शेवटी ठरलं असं, की मास्तर दोन्हीकडं पत्रं टाकणार, ज्यांचं उत्तर आधी येईल तिकडं जायचं. काकांनी सांगितलंय की बॉडी शॉप नको असेल तर नको, त्यांना दरवाजे काढून परत लावतात तेवढं बघायचंय. आणि शिरोलीची भट्टी या रविवारी बघायला येतोय, चहा चढवून ठेवा.

घरातला प्रश्न सुटला नाही. उत्तर वाचून दाखवलं तर म्हणाली, मग मला पण यायचंय.

रंगारीसाहेब, एकच शेवटचं. बूट तिथं देतात का आपले न्यायचे? पैलवानाचा पाय बारा नंबरचा आहे.

गडहिंग्लजचा_रंगारी

बऱ्याच ठिकाणी पाहुण्यांना आपल्याच बुटावर चढवायची लोखंडी टोपी देतात, पण ती बाराला बसेल याची खात्री नाही. कोल्हापुरातनंच घेऊन या. सेफ्टी शूजची दुकानं उद्यमनगरात आहेत, बारा नंबर म्हटल्यावर मागवून देतील, चार दिवस आधी सांगा. आणि नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, आत चालणं तीन-चार किलोमीटर होतं. वहिनी येत असतील तर साडी नको, सलवार-कमीज बरी, आणि ओढणी घरी.

शिरोली_ड्रम

रविवारी भट्टी बंद असते दादा. शनिवारी या, दुपारी तीनच्या आत.